सुखगरी

माशाचा मुका घेऊन त्याला परत पाण्यात सोडणारा माणूस मोतीराम टिकमांनी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा ते तीन दिवस हसत होते. जेवताना मध्येच घास तोंडात धरून हसायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगायचे, "पुण्यासून इलो, दोन तास उन्हात भाजलो, मासो धरल्यान, मुको घेतल्यान नि सोडून दिल्यान! मासो धरूक इल्लो की पोरगी बघूक?"

चौथ्या दिवशी हसू ओसरलं आणि त्या जागी तुच्छता येऊन बसली. ती मग उठलीच नाही.

देवबागच्या टोकाला, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे मोतीरामांनी पन्नास वर्षं गरवण्यात घालवली होती. गरवणं म्हणजे गळाने मासे धरणं. जाळं नाही, काठी नाही. एक दोरी, एक गरी म्हणजे गळ, आणि उजव्या हाताची तर्जनी. दोरी तर्जनीवरून खाली सोडायची आणि पुढचं सगळं त्या बोटाला विचारायचं. खाली खडक आहे की रेती, आमिषाला तांबोशीने तोंड लावलंय की खेकडा नुसता कुरतडतोय, हे बोट सांगतं. हे सगळं त्यांनी आपल्या लेकीला, तृप्तीला, ती नऊ वर्षांची असताना शिकवलं होतं.

तीच तृप्ती आता एकोणतीस वर्षांची होती. नवरा व्यापारी जहाजावर, पदरात दहा महिन्यांची मनवा, आणि पोटापाण्याचा धंदा म्हणजे बाबांच्या भाषेत त्या 'मुकेवाल्यांना' बॅटरीवरच्या होडीतून खडकांपाशी नेऊन मासे धरायला लावणं. तिलाही त्यांच्याबद्दल फार आदर होता अशातला भाग नव्हता. खवल्यांची नक्षी छापलेले सदरे, कमरेला सात तऱ्हेचे चिमटे, गळ्यात दुर्बीण, आणि गाठ मारायला सांगितली की सगळ्यांची बोटं गळून पडायची. मग तृप्तीच एकेक गळ ओठांत धरून गाठ मारायची. आवळण्याआधी ती तोंडात घेऊन थुंकीने ओली करायची, कारण कोरडी गाठ आवळताना दोरा घासून तापतो आणि ऐन झटक्याला तुटतो. "कोरडी गाठ मारणारो उपाशी निजता," असं बाबा म्हणायचे. दिवसाला साठ-सत्तर गाठी व्हायच्या.

दोन वर्षांपूर्वी नियम आला. पोटासाठी मासे धरणाऱ्याने हवा तो गळ वापरावा. हौसेसाठी धरणाऱ्याने मात्र वेदनामुक्त गळच वापरायचा. बाबांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे कायदो मांजराक केल्यानी. उंदराशी खेळा, पण दुखवू नको."

या गळाचं बाजारातलं नाव होतं 'सुखगरी'.

समुद्रात एक गोगलगाय असते. शंकूच्या आकाराच्या सुरेख नक्षीच्या शंखात राहते, चालीने आपल्या अंगणातल्या गोगलगाईसारखीच मंद. पण ती मासे खाते. पळणाऱ्याला पकडता येत नाही म्हणून ती आपला पोकळ दात भाल्यासारखा फेकते आणि विष टोचते. त्या विषात शेकडो द्रव्यं असतात. त्यांतल्या एकाचं काम फार सभ्य आहे. वेदना म्हणजे मज्जातंतूतून धावणारा विजेचा निरोप. तो पुढे सरकायचा तर तंतूच्या भिंतीतली अतिसूक्ष्म दारं एकामागून एक उघडावी लागतात आणि सोडियमचे कण आत शिरावे लागतात. हे द्रव्य जाऊन त्या दारांत बूच बसवतं. जखम होते, रक्त येतं, निरोप मात्र दारातच थांबतो.

डॉ. निरंजन परचुरे यांनी हे द्रव्य यीस्टच्या पिंपांत बनवून गळाला चोपडलं. खाऱ्या पाण्यात ते धुऊन जाई, म्हणून त्याला मेदाची एक लांब शेपटी जोडली. आता ते चिकटून राही. माशाच्या अंगातून चोवीस तासांत नाहीसं होतं, हेही त्यांनी सिद्ध केलं. अर्थात, काचेच्या टाकीत.

एक अडचण मात्र राहिली होती. ज्याला काही टोचतच नाही तो मासा झुंजणार कशाला? तो ओढला की कंटाळलेल्या पाहुण्यासारखा निमूट वर यायचा. मुकेवाले हिरमुसले. मग सुखगरीच्या कंपनीने काठीच्या रिळातच एक छोटी मोटर बसवली. मासा निवांत वर येई आणि मोटर गुरगुरत काठी वाकवी, हिसके देई, हौशी माणसाच्या कपाळावर घाम आणी. मोतीरामांनी हे पाहिलं त्या दिवशी ते हसलेसुद्धा नाहीत. समुद्राकडे थुंकले आणि घरी येऊन मनवाला मांडीवर घेऊन बसले.

मनवा हे त्या घरातलं एकमेव माणूस होतं, ज्याच्याबद्दल मोतीरामांच्या मनात निखळ आदर होता.

"असला गुणी चेडू सात गावांत नाय," ते म्हणायचे. "दात येतत तरी रडता काय? आवशीसारखा नाय हा. तू सगळी वाडी डोक्यार घेतलस."

ते खरंच होतं. पावसाळा सरून तृप्ती पुन्हा होडीवर जायला लागली तेव्हापासून, म्हणजे गेले दोन-तीन महिने, मनवा रडायचीच नाही. भूक लागली की कुरकुरायची तेवढंच. आरोग्यसेविकेने लस टोचली तेव्हा सुईकडे बघून खुदकन हसली होती, आणि ती बाई इतकी हरखली की तिने शेजारच्या खोलीतून दोघींना बोलावून दाखवलं. तृप्तीची मान तेव्हा अभिमानाने ताठ झाली होती. समुद्रावरून आली की हातपाय धुऊन ती मनवाला जवळ घ्यायची. दूध पिता पिता मनवा एका हाताने आईचं मंगळसूत्र धरायची, दुसऱ्या हाताने तिचं नाक. दिवसभर मुकेवाल्यांची बडबड ऐकून किटलेले कान त्या चुटचुट आवाजाने निवायचे.

तिचं स्वतःचं काहीतरी बिनसलं होतं, पण त्याकडे बघायला सवड कुणाला होती? चहा कधी निवायचा आणि कधी पोळायचा ते तिला कळेनासं झालं होतं. आणि एका रविवारी, बऱ्याच दिवसांनी बाबांबरोबर गरवायला बसली असताना, दोरी तर्जनीवरून सरसर गेली आणि तिला पत्ताच लागला नाही.

"तांबोशी व्हती गो ती!" बाबा ओरडले. "बोट खंय ठेवलंस? मुकेवाल्यांनी नेल्यानी?"

ती हसली. दमणुकीवर घातलं तिने ते.

डिसेंबरात परचुरे स्वतः आले. बरोबर कॅमेरावाली इरा होती, पंचविशीतली. सुखगरीची जाहिरात करायची होती. परचुरे बोलायला गोड आणि मनाने खरोखरच मऊ होते; जेट्टीवर मुंगळ्यांची रांग दिसली तर वळसा घालून गेले. असल्या माणसाचा राग करता येत नाही, आणि तेच तृप्तीला जास्त खटकलं.

मनवाला बाबांजवळ ठेवून, ओहोटी लागता लागता तिने होडी खडकांपलीकडे नेली. पाण्याखालचे आवाज ऐकवणारं ध्वनियंत्र होडीखाली बसवलेलं होतं. पर्यटकांना डॉल्फिनची टिकटिक ऐकायला आवडते, म्हणून आताशा प्रत्येक होडीला ते असतंच.

दुसऱ्यांदा गळ टाकताच परचुरेंना तांबोशी लागली. मोटर गुरगुरली, काठी वाकली, इरा "वॉव, वॉव" करत राहिली. परचुरेंनी मासा हलकेच उचलला, डोळे मिटून त्याच्या कपाळावर ओठ टेकले आणि सोडून दिला.

"बघा, किती शांत आहे," ते म्हणाले.

मासा खरंच शांत होता. पळालाच नाही. पाण्याच्या वरच्या थरात, आता काय करायचं असतं हे विसरल्यासारखा हलत राहिला. समुद्रगरुड खाली आला आणि भाजीवाल्याच्या टोपलीतून जुडी उचलावी तसा त्याला उचलून घेऊन गेला.

"निसर्ग," परचुरे हळहळून म्हणाले.

"निसर्ग नाही," तृप्ती पुढची गाठ ओली करता करता म्हणाली. "गरुडांना आता शिकार करावीच लागत नाही. तुम्ही वाढता, ते खातात. डॉल्फिनसुद्धा हौशी होड्यांच्या मागेच असतात."

बोलता बोलता डॉल्फिन आलेच. पुढे होती ती खांडी. तिच्या पाठीवरच्या पराला खालून मोठी खांड होती, तृप्ती तिला शाळेत असल्यापासून ओळखायची. तीन वर्षांच्या खंडानंतर तिला पिल्लू झालं होतं, तेही मनवाच्या जन्माच्या आगेमागे. तृप्ती रोज लांबून त्या दोघांना बघायची आणि मनात म्हणायची, काय गो, झोप झाली काय रात्री?

"हसतायत! अय्या, हसतायत बघा ना!" इरा कॅमेरा घेऊन वाकली.

"त्यांचं तोंडच तसं असतं. मेल्यावरसुद्धा हसतात," तृप्ती म्हणाली.

मग पिल्लू होडीच्या अगदी जवळ आलं आणि कुशीवर वळलं.

त्याच्या पाठीच्या डाव्या बाजूला चार काप होते. एकाशेजारी एक, सुरीने खोबऱ्याला पाडावेत तसे. होडीच्या पंख्याचे घाव. दोन-तीन दिवसांपूर्वीचे असावेत. आतली पांढरी चरबी उघडी पडली होती आणि बारके मासे येऊन तिला टोचत होते. पिल्लू एका शेवाळाच्या झुपक्याशी खेळत होतं. उडवायचं, झेलायचं, पुन्हा उडवायचं.

तृप्तीचा हात ध्वनियंत्राकडे गेला. तिने आवाज वाढवला. टिकटिक, किलबिल, सगळं खुशालीचं. पिल्लाला दुखलं की ते एक लांब, चढती शीळ घालतं. ती तिने लहानपणी ऐकली होती, जाळ्यात अडकलेल्या एका पिल्लाची. गावातली माणसं काठावर सुन्न होऊन उभी राहिली होती. आणि त्या पिल्लाची आई कुठूनशी बाणासारखी येऊन खालून त्याला उचलून धरत होती. आज शीळ नव्हती. खांडी दहा हातांवर निवांत मासे गिळत होती. तिला काही कळलंच नव्हतं. कळणार कसं? ज्याला दुखत नाही ते हाक मारत नाही, आणि हाक आली नाही तर आई येणार कुठून?

"याला दुखत का नाही?" तृप्तीने विचारलं.

परचुरेंचा चेहरा उतरला होता. "मोठ्यांनी आपले सोडलेले मासे खाल्ले असतील... थोडा अंश..."

"हे मासे खात नाही अजून. दूध पितं."

"दूध," परचुरे म्हणाले, आणि वर्गात फळ्याकडे वळावं तसे स्वतःशीच पुढे बोलत गेले. "हो, म्हणजे रेणूला मेदाची शेपटी आहे, तो चरबीत साठू शकतो. डॉल्फिनच्या दुधात तर खूपच मेद असतो, मग आईकडून ते..."

इथे ते थांबले. तृप्तीच्या ओठांत गळ होता, त्याकडे ते बघत होते.

तिने गळ हळूच काढला. त्याच्या टोकाला रक्ताचा बारीक थेंब होता. ओठात कधी घुसला, तिला समजलं नव्हतं.

"तुम्ही हातमोजे वापरता ना?" परचुरेंनी विचारलं. "पाकिटावर लिहिलंय तसं."

"वापरते. गाठ तोंडात ओली करते."

"तोंडात? कशाला?"

"एकदा तरी स्वतः मारली असतीत, तर कळलं असतं."

"आमच्या सुरक्षा समितीत अकरा तज्ज्ञ होते," परचुरे क्षीण आवाजात म्हणाले.

"अकरा! आणि गाठ मारणारा एक नाही." तृप्तीने होडी वळवली. तिच्या डोळ्यांपुढे ती लसीची सुई होती आणि सुईकडे बघून हसणारी मनवा. कसली गुणी, कसलं काय. "माझी मुलगी दहा महिन्यांची आहे, डॉक्टर. अंगावर पिते. दोन-तीन महिने झाले, रडलेली नाही."

होडी किनाऱ्याकडे धावत होती. मग परचुरेंना बहुतेक तिला धीर द्यावासा वाटला.

"एका अर्थी... तिला त्रास तर होत नाहीये ना?" ते म्हणाले. "म्हणजे, दुखत तर नाहीये."

तृप्तीने त्यांच्याकडे पाहिलं. बाबांची ती सगळी तुच्छता तिला त्या क्षणी वारशात मिळाली.

जेट्टीवर मोतीराम पाठमोरे बसून दोरी विंचरत होते आणि मोठ्याने गोष्ट सांगत होते. त्यांच्यामागे दोन हातांवर, चटईवर मनवा बसली होती. तिच्या हाती कुठूनसं कालवाचं शिंपलं लागलं होतं. कालवाची कड म्हणजे धारदार पातं. ती ते मुठीत घट्ट आवळत होती, सोडत होती, पुन्हा आवळत होती. मनगटावरून ओघळून रक्त चटईवर ठिबकत होतं आणि त्या लाल थेंबांत दुसऱ्या हाताचं बोट बुडवून मनवा रेघा ओढत होती. आईला बघताच तिने दोन्ही हात वर केले.

तृप्तीने तिला उचललं. मूठ उघडली. तळव्याची साल कोयीवरून गर सुटावा तशी सुटली होती.

मोतीराम वळले आणि गुडघ्यांवर सरकत जवळ आले. "रडाक नाय गो ता... ता रडला असता तर माका..."

"ठाऊक आसा बाबा. तुमचा काय चुकला नाय." पदराने ती मूठ बांधत होती. मनवाला वाटत होतं की हा काहीतरी नवा खेळ आहे.

परचुरे घाईघाईने होडीतून उतरले. आधाराला त्यांनी हात टेकला तो नेमका मोतीरामांच्या टोपलीवर. त्या टोपलीत साधे, जुने, पोलादी गळ होते, समुद्राने काळे पडलेले. एक थेट अंगठ्यात शिरला.

"आई गं!"

अख्खी जेट्टी वळून बघायला लागली. परचुरे अंगठा धरून वाकले होते, डोळ्यांत टचकन पाणी आलं होतं. मनवा त्यांच्याकडे बघून खदखदून हसली.

"पन्नाशी उलटली तुमची," तृप्ती म्हणाली. आवाज चढवावा असंही तिला वाटलं नाही. "आई कुठे असेल कुणास ठाऊक. तरी पहिली हाक तिलाच मारलीत ना? ही मारू शकत नाही. ते काढून घेतलंत तुम्ही हिचं, आणि वर विचारताय, त्रास तर होत नाहीये ना."

मोतीरामांनी पक्कडीने गळाचं टोक तोडलं आणि उरलेला गळ उलट बाजूने ओढून काढला. परचुरे पुन्हा कण्हले.

"दुखता?" मोतीरामांनी विचारलं. "बरा झाला. जितो आसस अजून."

तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तळव्याला पाच टाके घातले, भूल न देता. तिची गरजच नव्हती. मनवा टाक्यांच्या दोऱ्याशी खेळत होती. बाईंनी अंगावरचं दूध त्या दिवसापासून बंद करायला सांगितलं. द्रव्य मनवाच्या अंगातून उतरायला किती दिवस लागतील हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण असला प्रश्न आजवर कुणाला पडला नव्हता. तोवर संध्याकाळी तिचं अंग इंच इंच तपासायचं. जीभ बघायची, कान बघायचे, बोटं मोजायची. आणि रोज सकाळी तिच्या तळपायाला एक टिचकी मारायची. जोरात.

पहिल्या सकाळी तृप्तीने टिचकी मारली आणि मनवा हसली. तिने दुसरा पाय पुढे केला.

सुखगरीच्या कंपनीने पत्रक काढलं. पाकिटावर आता नवी ओळ आली, आठ भाषांत, शेजारी चित्रासकट: 'गळ तोंडात धरू नये.' जाहिरातही निघाली. तिच्यात शेवाळ उडवणारं ते पिल्लू होतं, फक्त घाव नसलेल्या उजव्या कुशीवरून दाखवलेलं, आणि खाली लिहिलं होतं, 'निर्भय समुद्र'. ध्वनियंत्रावरचं ध्वनिमुद्रण आणि स्वतःच्या दुधाच्या दोन बाटल्या तृप्तीने सागरी प्रयोगशाळेत नेऊन दिल्या. परचुरेंनीही अभ्यासासाठी दूध मागितलं होतं. तिने त्यांना एक साधा गळ पाठवला, दोन हात दोरा, आणि चिठ्ठी: 'आधी गाठ मारायला शिका.'

मुकेवाल्यांना तिने सांगून टाकलं, गाठ ज्याची त्याने मारायची. एका महिन्यात निम्मे यायचे बंद झाले.

जहाजावरून नवरा रोज एकच विचारायचा, रडली? तिची छाती भरून दगडासारखी व्हायची आणि दुखायची नाही. मोरीत उभं राहून ती दूध पिळून टाकायची. मनवा उंबऱ्यापाशी येऊन हात पसरायची आणि मोतीराम तिला उचलून बाहेर खळ्यात घेऊन जायचे. ते आता तिला गुणी म्हणायचे नाहीत. क्षणभरही तिच्याकडे पाठ करायचे नाहीत. खांडी दोनदा दिसली. एकटीच होती.

एक्केचाळिसाव्या सकाळी तृप्तीने मनवाला मांडीवर आडवं घेतलं. बाहेर मोतीराम माडाच्या बुंध्याशी बसून गळाला तेल लावत होते. मनवाने सवयीने पाय पुढे केला, कारण तिच्या लेखी हा आईबरोबरचा रोजचा खेळ होता. तृप्तीने टिचकी मारली.

मनवा हसणार होती. ओठ तसे झालेही होते. मग ते मध्येच अडखळले. तिने पायाकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं, अशा नजरेने की हे तू केलंस? खालचा ओठ बाहेर आला, हनुवटी थरथरली, बराच वेळ आवाजच फुटेना. आणि मग तो आला, लांब, चढता, कौलांना भेदून जाणारा.

मोतीराम तेलकट हातांनी धावत आत आले. "कोणी रडवल्यान गो माझ्या बायेक?"

"मिया," तृप्ती म्हणाली. "मिया रडवलंय, बाबा."

मनवा मारणाऱ्या आईलाच घट्ट बिलगून रडत होती. तिचे अश्रू तृप्तीच्या तर्जनीवरून वाहत होते. ओल कळत होती. ऊन की गार, ते अजून कळत नव्हतं.

मोतीराम दारातच थांबले. दोरीवर बोट ठेवून खालचा मासा ओळखताना ते जसे थांबायचे, तसेच, श्वास धरून. तो आवाज त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. तो हुंदक्यांवर आला, तेव्हा हळूच म्हणाले, "आणखी एकदा रडव बघूया."

तृप्तीने पाहिलं, तर मनवाने दोन्ही पाय पोटाशी ओढून घेतले होते.